धाडच्या बाजारातलं सोंग

आमच्या हिला ट्रान्झिस्टर हवा होता आणि मी तिला साध्या राहणीवर व्याख्यान दिलं. (धाड गावच्या ग्रामपंचायतीतल्या कारकुनाला बायकोला फुकटात देता येतं ते एवढंच.) तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पिशवी भरली आणि लोणारला माहेरी निघून गेली. तेव्हापासून मी एकट्याच्या चहाला दोघांचं दूध घेत होतो. संध्याकाळी कडी वाजल्यासारखी वाटे. उठून पाहावं तर वारा. पुष्पाशिवाय मला अजिबात करमत नव्हतं, पण तत्त्व आडवं येत होतं.

अशात पेपरात वाचलं, परदेशात कुणी कलावंत अंगावर रिकामी खोकी बांधून भर पेठेत उभा राहिला. माणसांच्या हावेचा निषेध म्हणे. मला वाटलं, आपणही करावं. खबर लोणारला पोचेल, पुष्पा विचारात पडेल आणि एसटीत बसेल.

बाजाराच्या दिवशी मी वनस्पती तुपाचे डबे, साबणाची खोकी, सायकलचा टायर असं सगळं अंगावर बांधलं, तोंडाला काजळी फासली (सरपंचांनी ओळखू नये म्हणून, पुष्पाने मात्र ओळखावं, ही अपेक्षा) आणि बाजाराच्या मधोमध उभा राहिलो.

"बहुरूपी आला बे," किराणावाले भाऊराव म्हणाले. "कायचं सोंग हाय?"

"सोंग नाही. वस्तूंच्या ओझ्याखाली दबलेला माणूस आहे हा. काही विकत घेऊ नका."

"बोलनं बी पाठ हाय गड्याचं," म्हणत त्यांनी माझ्या डब्यात साबणाची वडी टाकली.

आमच्याकडे बहुरूप्याला रिकाम्या हाताने लावून देत नाहीत. त्या दिवशीचा धंदा बसतो म्हणतात. मी नको म्हणालो की लोकांना वाटे, बिदागी कमी पडली. कंगवे आले, बांगड्या आल्या, कपबशा आल्या. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पंजाबरावांनी, दुरुस्त होऊनही गिऱ्हाइकाने न नेलेला एक ट्रान्झिस्टर माझ्या गळ्यात अडकवला.

"एवढ्या लोकांत माही शोभा नको व्हायले," ते म्हणाले.

मी तसाच लोणारच्या एसटीत चढलो. (गाठी सुटत नव्हत्या. कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट लावलं.)

पुष्पाने दार उघडलं आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काऊन आले?"

व्याख्यान तयार होतं. पण इतक्या दिवसांनी तिचा चेहरा समोर आला आणि तोंडातून एवढंच निघालं, "करमत नाही."



"त्या दिवशी एवढं भाषन देल्लं. 'तुह्याबिगर करमनार नाही' एवढंच म्हनलं असतं, तं गेली असती का मी?" असं म्हणून ती माझ्या पाठीच्या गाठी सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. खिडकीशी ती, शेजारी मी, तिच्या मांडीवर ट्रान्झिस्टर. एवढ्या दिवसांचं मनात साठलेलं सगळं तिला सांगायचं होतं. मी धीर करून तिच्या कानाशी वाकलो.

"थांबा जरा," ती म्हणाली, "बाजारभाव सांगून राह्यले."