तीन ठिकाणी छापून आलेला गुरुवार

वर्तमानपत्रांच्या तारखा कापून ठेवायच्या, असं मी गेल्या वर्षी ठरवलं. हा निर्णय मी फार विचारपूर्वक घेतला होता. (माझे सगळे निर्णय विचारपूर्वक असतात. आमच्या घरात त्याची धास्ती आहे.)

त्याचं असं झालं. माझी शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण मी वाचून केलं, आणि गेली बावीस वर्षं रोज सकाळी रोजनिशी लिहितो. पिंपळीत आमची एकरभर पपई आहे. ती मी आणि माझी बायको अनिता बघतो. म्हणजे ती बघते आणि मी नोंद ठेवतो. नोंद ठेवता ठेवता मला एक प्रश्न पडला. आपल्या डोक्यात जी मतं असतात, त्यांतली आपली किती आणि कुणी तरी आणून ठेवलेली किती?

शोध घ्यायचा म्हणून मी तीन दैनिकं लावली. एकच बातमी तिघांनी कशी दिली, कुणी काय गाळलं, कुणाचा फोटो मोठा छापला, हे ताडून बघायचं. महत्त्वाचं वाटलेलं पान मी अख्खं ठेवत असे. समासात लाल पेन्सिलीनं शेरा लिहायचा, वरची तारखेची पट्टी कापून वहीत चिकटवायची. तारखा वहीत, पानं कॉटखाली. वर्षभरात गुडघ्याएवढा गठ्ठा झाला आणि वहीत एक निष्कर्ष उतरला: 'एखादी गोष्ट तीन ठिकाणी छापून आली म्हणून ती तीनदा खरी होत नाही. तिघांनी ती एकाच तोंडून ऐकलेली असते.'

हे वाक्य मी अनिताला जेवताना वाचून दाखवलं.

"भाकरी गार होतीय," ती म्हणाली.

मार्चमधल्या एका बुधवारी पपईचा तोडा होता. पपई क्रेटमध्ये भरण्याआधी कागदात गुंडाळावी लागते, नाही तर एकमेकींना घासून डाग पडतात. पिकअप बांधाला येऊन उभी राहिली आणि कागद संपला. अनिता दारातून म्हणाली, "अहो, कॉटखालची रद्दी घेऊ का?"

मी रोजनिशीत आदल्या दिवशीचं तापमान लिहीत होतो. मी "हं" म्हणालो.

हा होकार होता, असं अनिताचं म्हणणं. मी ऐकलंच नव्हतं, असं माझं. पण आमचा हा वाद निघेपर्यंत निम्मे क्रेट बारामतीच्या मार्केट यार्डात आणि निम्मे इंदापूरच्या व्यापाऱ्याकडे गेले होते.

"माझा वर्षाचा अभ्यास पपईला गुंडाळून पाठवलास," मी म्हणालो.

"पपईला एक डाग न्हाय पडला पण," अनिता म्हणाली.

मी रुसलो. आठवडाभर एकही दैनिक उघडलं नाही. (वाचकांना पुढचं कदाचित आत्ताच दिसायला लागलं असेल. मला दिसायला अकरा दिवस लागले.)

दोन दिवसांनी सारजाआक्का आल्या. आमच्या बांधापलीकडे त्यांचं अर्धा एकर रान आहे. नवरा गेल्यापासून एकट्याच करतात. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता चार शेळ्या आहेत. विहिरीला उन्हाळ्यात शेळ्यांपुरतं आणि घरापुरतं पाणी.

"तात्या," त्या उंबऱ्याशी बसत म्हणाल्या, "टमाट्याची तीन हजार रोपं सांगून ठिवलीती. नर्सरीवाला म्हणतोय, मंगळवारपत्तोर न्ह्या, न्हायतर दुसऱ्याला दितो. पाट कवा सुटायचा? तुमी समदे पेपर वाचताय."

गेल्या साली त्यांचं रान पडीक राहिलं होतं. यंदाही राहिलं तर ते कुणाला तरी वाट्यानं देऊन टाकायचं, असं त्यांच्या भावकीत चाललं होतं. एकदा वाट्यानं गेलेलं रान बाईमाणसाच्या हातात परत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"तपास करून सांगतो," मी म्हणालो.

आधी पाटावर गेलो. आमचा पाटकरी म्हस्कू, पाण्याच्या पाळ्या बघणारा माणूस, झाडाखाली तंबाखू मळत बसला होता.

"वरनं आर्डर न्हाय, तात्या. फुडल्या आठवड्यात बी धरू नगा."

घरी येऊन मी नोंद केली: 'एकच माणूस. पुरेसं नाही.'

सोमवारी बारामतीला गेलो. मार्केट यार्डाजवळचा चहावाला आपणहून म्हणाला, "येत्या गुरुवारी पाट सुटतोय, पेपरात आलंय की." त्याच दुपारी इंदापूरहून माझे मेहुणे दादासाहेब यांचा फोन आला. "दाजी, गुरुवारी तुमच्याकडं पाणी. डोळ्यानं वाचलंय." आणि संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर कुणी तरी पानाचा फोटोच टाकला. ठळक मथळा: 'येत्या गुरुवारी कालव्याला पाणी'. फोटोतला कागद चुरगळलेला होता, कडेचं कापलं गेलं होतं. पण चुरगळला म्हणून कागद खोटा ठरत नाही, असा मी विचार केला.

चहावाला बारामतीचा, मेहुणे इंदापूरचे, फोटो गावातला. एकमेकांची ओळख नाही. मी रोजनिशीत लिहिलं, 'तीन स्वतंत्र ठिकाणं. पक्कं', आणि खाली रेघ मारली.

"लावा, आक्का," मी जाऊन सांगितलं.

"म्हस्कू तर न्हाय म्हणतोय."

"म्हस्कू एकटा आहे."

त्या म्हणाल्या, "बरं. तुमी शिकल्यालं."

मंगळवारी रोपं आली. बुधवारी चार बाया लावून आक्कांनी लागण उरकली. विहिरीत होतं नव्हतं ते पाणी त्यांनी एका दिवसापुरतं म्हणून रोपांना घातलं. गुरुवारी सकाळी मी पाटावर गेलो. पाटात आक्कांच्याच शेळ्या चरत होत्या. शुक्रवारीही चरत होत्या. शनिवारी रोपांनी माना टाकल्या. आक्का बांधावर बसून होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बघताय काय," अनिता म्हणाली, "बोअर चालू करा."

आमच्या बोअरला तासभर पाणी येतं, ते पपईचं. त्या दिवसापासून ते पिंपात भरून बैलगाडीनं आक्कांच्या रानात जाऊ लागलं. एका रोपाला अर्धा तांब्या. वाकायचं, ओतायचं, पुढं सरकायचं. अडीचशे रोपांनंतर माणसाला कुठलंच मत राहत नाही, अशी माझी नोंद आहे.

रविवारी दादासाहेब आले. गाडीवरून उतरले ते पिशवी पुढं करतच.

"दाजी, इंदापुरात पपई घेतली. अशी गोड, की म्हणलं तुमाला दावावी. जरा बघा, लोकं कशी पिकवत्यात."

अनितानं पिशवीतून पपई काढली. कागद सोडवला. पपई आमचीच होती; आमच्या बागेतल्या फळाला देठाशी जी गाठ असते, ती तिला होती. कागदही आमचाच होता. वरची तारखेची पट्टी सरळ, फूटपट्टी धरून कापलेली. मधोमध मथळा, 'येत्या गुरुवारी कालव्याला पाणी'. आणि आत दुमडलेल्या समासात लाल पेन्सिलीनं, माझ्या अक्षरात:

'तिन्ही दैनिकांत हीच बातमी, शब्दही तेच. पाट सुटला नाही. तिघांनी एकाच तोंडून ऐकलं.'

अनितानं ते मोठ्यानं वाचलं. मग कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"हे आक्कांना सांगून या," ती म्हणाली.

मी गेलो. गेल्या वर्षीचा गुरुवार माझ्याच घरातून सुटून बारामती-इंदापूर फिरून माझ्याकडेच कसा आला, ते सगळं सांगितलं. कागद दाखवला. आक्कांना वाचता येत नाही, तरी त्यांनी तो हातात घेऊन नीट बघितला.

"मी दरसाली म्हस्कूलाच इचारायची," त्या म्हणाल्या. "मला कुटं वाचता येतंय. औंदा म्हणलं, शिकल्याल्या माणसाला इचारावं."

आणि त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

मी पिंपाकडे वळलो. दादासाहेब मागून आले होते, त्यांनाही लाज वाटली असावी. त्यांनी पिंपाला हात लावला. अगदी दहा मिनिटं. नेमका त्या वेळी रस्त्यानं एका दैनिकाचा वार्ताहर चालला होता. थांबला, पिंपाजवळच्या माणसाचं नाव विचारलं, एक फोटो काढला आणि गेला.

पाट पुढच्या रविवारी सुटला. त्याआधी दोन दिवस म्हस्कू येऊन सांगून गेला, तो आक्कांना, मला नाही. मी रांगा धरून मोजली: दोन हजार सहाशे बारा रोपं जगली. आमच्या पपईच्या तीन रांगा वाळल्या.

सोमवारी बातमी आली. 'शेजारधर्म जिवंत! स्वतःची बाग वाळवून निराधार महिलेचे पीक वाचवले.' मोठा फोटो. फोटोत पिंप, आक्का, आणि मधोमध दादासाहेब. खाली नावही त्यांचंच, 'पिंपळीचे आदर्श शेतकरी' म्हणून. माझा एक कोपर दिसत होता.

सगळ्या गावानं बातमी वाचली. मेहुण्यांना इंदापुरात सत्काराचं बोलावणं आलं. मी त्या अंकाच्या पाच प्रती आणल्या (अभ्यासासाठी) आणि संपादकांना पत्र लिहायला बसलो. खोट्या बातमीनं लोकांचं मत कसं तयार होतं, हे मी मुद्देसूद मांडलं. पाणी दादासाहेबांनी दहा मिनिटं वाहिलं आणि मी नऊ दिवस, हे तारीखवार लिहिलं. तीनदा पक्कं केलं. मग अनिताला वाचायला दिलं.

तिनं सावकाश वाचलं.

"ह्यात गुरुवारचं काय न्हाय," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"पाणी का वाहावं लागलं, त्ये."

"तेवढी जागा नव्हती," मी म्हणालो.

तिनं पत्र उलटं केलं. मागची बाजू सगळी कोरी होती. बाहेर पिकअपनं हॉर्न दिला. अनितानं माझ्या समोरच्या पाच प्रती उचलल्या, पत्र त्यांवर ठेवलं आणि दारात थांबून म्हणाली, "अहो, कागद कमी पडतोय. घेऊ का?"

या वेळी मी नीट ऐकलं होतं.

मी "हं" म्हणालो.