मोठ्या डॉक्टरांचा गुडघा आणि ओलं फडकं

मोठ्या डॉक्टरांनी लाथ मारली ती ट्रॉलीला, पण कामातून गेला तो त्यांचा स्वतःचा गुडघा.

कारण म्हटलं तर क्षुल्लक होतं. पेशंट अजून बाहेरच होता, ऑपरेशन थिएटरमध्ये मांडामांड चालली होती आणि ट्रॉलीवर एक जास्तीची वाटी डॉक्टरांच्या नजरेला पडली. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं की मांडीच्या मागून स्नायूच्या टोकाची एक दोरी काढून ती गुडघ्यात बसवतात. ती दोरी बसेपर्यंत अँटिबायोटिकच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवावी, म्हणजे आत पू होण्याची भीती पार कमी होते, असं त्यांच्या सहायक डॉक्टर, म्हणजे छोट्या मॅडम, इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलंच नाही. सरळ वाटी मांडली.

"हे काय आहे?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"गॉज भिजवलंय, सर. आज एकदा करून—"

"फडकं! माझ्या थिएटरमध्ये ओली फडकी? शिरेतून अँटिबायोटिक देतो ना आपण?"

"देतो. पण ते रक्ताबरोबर जातं, सर. कापून बाहेर काढलेल्या दोरीला रक्त कुठून येणार? आणि कातडीवरचे जंतू तर तिला बाहेर काढतानाच चिकटतात."

"मला शिकवतेस?"

आणि लाथ बसली. वाटी उलटली, पाणी फरशीवर पसरलं. डॉक्टरांचा दुसरा पाय नेमका त्या पाण्यात गेला, घसरला, आणि शरीर एकीकडे नि गुडघा दुसरीकडे असं काहीतरी झालं. टक्! "डॉक्टर, टक् असा आवाज आला हो," हे वाक्य त्यांनी आजवर इतक्या पेशंटांकडून ऐकलं होतं की पुढचं निदान ते चहा पिता पिता करत. आज तो आवाज त्यांच्याच पायातून आला होता.

फरशीवर बसल्या बसल्या ते गरजले, "कोणी सांडलं हे पाणी?"

सिस्टरनी छताकडे पाहिलं.

आता ऑपरेशन कोणाकडून करून घ्यायचं? चौकातल्या त्या दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा ते जन्मभर लंगडले असते. तो गुडघा नीट करील, पण बोभाटाही गावभर करील, याची त्यांना खात्री होती. तेव्हा राहिल्या छोट्या मॅडम. आणि भूल द्यायला बायको, कारण त्या थिएटरात भूल नेहमी तीच देत असे.

टेबलावर आडवं पडण्याआधीच डॉक्टरांनी फर्मान काढलं. "मला झोपवायचं नाही, फक्त कमरेखाली बधिर करायचं. मॉनिटर माझ्याकडे वळवायचा. रक्त थांबवायला मांडीला पट्टा आवळायचा नाही, आपण कधीच आवळत नाही. आणि फडकं नाही म्हणजे नाही!"

"अहो," बायको सुई भरत म्हणाली, "पेशंटनं नुसतं गप्प पडायचं असतं."

"मी पेशंट नाही!"

"बरं. मग जे कोणी असाल ते कुशीवर वळा."

ऑपरेशन सुरू झालं. छोट्या मॅडमनी मांडीमागची दोरी काढली, ती अगदी सुरेख निघाली. मोठ्या डॉक्टरांना त्यात खोड काढता येईना, म्हणून ते जास्तच चिडले. मग कॅमेऱ्याचा स्कोप गुडघ्यात गेला आणि मॉनिटरवर त्यांच्या गुडघ्याचा आतला पांढराशुभ्र देखावा उमटला.

"कॅमेरा वाकडा धरलायस."

"सरळ आहे, सर."

"वाकडा आहे! गुडघा माझा आहे, मला कळतं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. डॉक्टरांचे तळपाय तर बधिर होते, त्यामुळे त्यांचा राग थेट मस्तकातच पेटला. प्रेशर चढलं. प्रेशर चढलं तसं सांध्यात रक्त झिरपू लागलं आणि मॉनिटर गुलाबी झाला. मांडीला पट्टा नव्हता, तेव्हा थांबवणार कोण?

"काही दिसत नाहीये!" डॉक्टर ओरडले. मॉनिटर लाल झाला.

"सर, तुम्ही ओरडू नका, म्हणजे दिसेल," छोट्या मॅडम दात आवळून म्हणाल्या.

"मी ओरडत नाहीये!"

आता तर मॉनिटरवर नुसतंच लाल.

"अहो, प्रेशर एकशे ऐंशी झालंय," बायको म्हणाली.

"होणारच! ही मुलगी माझा गुडघा आंधळेपणाने कोरतेय!"

छोट्या मॅडमनी स्कोप बाहेर काढला. हात वर धरून त्या उभ्या राहिल्या. कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत राग इतका साचला होता की मास्कच्या वरूनही तो लपेना. टेबलावर ती सुरेख दोरी उघडीच पडली होती. त्यांनी एकदाच विचारलं, "सर, शेवटचं विचारते. मॉनिटर साफ होईपर्यंत हिला गुंडाळून ठेवू?"

"नाही! नाही! ना—"

बायकोनं सलाईनच्या नळीत काहीतरी सोडलं. "झालं तेवढं बस झालं," एवढं तिचं बोलणं त्यांना आठवतं. तिच्याकडे रोखलेलं बोट हळूहळू खाली आलं, आणि पुढचं काहीच नाही.

जाग आली तेव्हा डॉक्टर वॉर्डमध्ये होते. पायाला जाड बँडेज होतं. त्यांनी चाचपून पाहिलं, पण पाय अजून कोणा तिऱ्हाइताचा वाटत होता. आणि मग, इतक्या आरडाओरड्यानंतर पहिल्यांदाच, त्यांना भीती वाटली. त्यांना एक कॉलेजातला खेळाडू आठवला, त्यांनीच ऑपरेशन केल्यावर ज्याच्या गुडघ्यात पू झाला होता. पुन्हा पुन्हा उघडून धुवावा लागला होता तो गुडघा. 'घरी नीट काळजी घेतली नाहीस,' असं म्हणून त्यांनी त्याच्यावरच खापर फोडलं होतं. तो मुलगा पुढे खेळला नाही. आपल्याला तर टेबलापाशी दिवसभर उभं राहावं लागतं. गुडघा गेला तर थिएटर गेलं, आणि थिएटर गेलं तर आपण ओरडायचं कोणावर?

"छोट्या मॅडमना बोलवा!"

छोट्या मॅडम आल्या. मागोमाग बायको आणि सिस्टरही आल्या.

"गुंडाळलंस का?"

"तुम्ही तर नको म्हणाला होतात, सर."

वॉर्डच्या खिडक्या थरथरल्या असतील. "मी नको म्हणालो! मी कोण? मी पेशंट! पेशंटचं ऐकून ऑपरेशन करायचं असं शिकवलं मी तुला? अगं, शिरेतलं औषध रक्ताबरोबर जातं. बाहेर काढलेल्या दोरीला रक्त कुठून येणार? कातडीवरचे जंतू तिला बाहेर काढतानाच चिकटतात, एवढं साधं कळत नाही? एक गॉज! एक वाटी पाणी! त्यानं असं काय मोठं अडत होतं?"

ते धापा टाकत थांबले. सिस्टरनी पुन्हा छत गाठलं.

"गुंडाळलं होतं, सर," छोट्या मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि त्याच श्वासात ते भडकले. "माझ्या परवानगीशिवाय?"

"परवानगी तुम्हीच दिलीत," बायको म्हणाली. "डोळे मिटता मिटता. माझा हात घट्ट धरून म्हणालात, गुंडाळ गं बाई, मला फार भीती वाटतेय. औषध असंच असतं, आठवत नाही मागाहून."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "हे कोणी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"मग मघाशी मला एवढं बोलू कशाला दिलंत?"

छोट्या मॅडमनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. आवाज चढला नाही, पण अशा आवाजात त्या हॉस्पिटलात कोणी डॉक्टरांशी बोललं नव्हतं. "इतकी वर्षं हेच मी तुम्हाला सांगत होते, सर, आणि इतकी वर्षं शिव्या खात होते. एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. उद्यापासून वाटी मांडली जाईल. लाथ मारायची असेल तर आता दुसरा गुडघा शिल्लक आहे."

एवढं बोलून त्या दाराकडे वळल्या. छोट्या मॅडमचा हात कडीवर पडला तेव्हा डॉक्टर ओरडले.

"थांब! किती वेळ ठेवलं होतंस गुंडाळून?"

"दोरी बसवायला घेईपर्यंत, सर. अख्खा वेळ."

"हं," मोठे डॉक्टर भिंतीकडे तोंड करून खेकसले, "अजून थोडा वेळ ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"