जमिनीपासून सव्वा फुटावर

वासूनाना परुळेकर कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती पेटवत. देवाबिवाचा संबंध नाही. खोलीच्या मधोमध उभे राहून धूर कुठे जातो ते बघत, आणि मग घरात कोणी दगावल्यासारखा चेहरा करून यजमानाला सांगत, "तुमच्या घराक नाक नाय. श्वास कोंडलो हा बिचाऱ्याचो."

लालबागच्या आमच्या चाळीत नाना शेजारच्या खोलीत एकटे राहत. फोर्टातल्या एका कचेरीत नकाशे काढत. म्हणजे साहेबाने काढलेले नकाशे पुन्हा स्वच्छ काढत. स्वतःच्या डोक्यातलं एकही घर त्यांनी उभं केलेलं नव्हतं. पण चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडासाठी एकेक घर काढून, गुंडाळून, पलंगाखाली ठेवलेलं होतं. माझ्या घराला दोन अंगणं होती. जमीन कुठे आहे, असं मी विचारलं तर नाना दुखावत.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. नाना मोर्चाला न चुकता येत, पण "सावलीच्या बाजूने चला रे, घसा टिकेल," असं सगळ्यांना हाकत राहत. गिरण्यांचा हरताळ झाला की आनंदाने गच्चीवर जाऊन उभे राहत. धुराडी बंद असली की वारा खरा कुठून येतो ते कळतं, म्हणत.

अशात माझ्या मामाने दादरला जमिनीचा छोटा तुकडा घेतला आणि मी नानांचं नाव सुचवलं. नानांचं आयुष्यातलं पहिलं घर! पुढचे तीन रविवार नाना त्या मोकळ्या जमिनीवर बसून होते. तिथल्या जांभळीची सावली सकाळी कुठे, दुपारी कुठे, याच्या नोंदी केल्या. चौथ्या रविवारी त्यांनी पांढऱ्या फक्कीने जमिनीवर अख्खं घर आखलं आणि मामा-मामींना फर्मावलं, "आज दिवसभर यात राहा."

मामा सरळ दिवाणखान्यातून मोरीत गेला. नाना किंचाळले, "अहो, भिंत आहे ती! दारातून या!" मामा निमूट मागे फिरला आणि नसलेल्या दारातून आत आला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

मामीला त्यांनी स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, पुढ्यात शेगडी दिली. मग तिच्यासमोर स्वतः मांडी घालून बसले आणि खिडकीची रिकामी चौकट हातांत धरून खाली-वर करू लागले. "आता दिसतं बाहेरचं? आता?" शेवटी चौकट जमिनीपासून सव्वा फुटावर थांबली. मामी म्हणाली, "आता दिसतं."

कंत्राटदाराला हे पटेना. स्वयंपाकघराची खिडकी कंबरेच्या वर असते, इतक्या खाली ठेवली तर मांजरं येतील, म्हणाला.

"उभी राहून कोण रांधते?" नाना म्हणाले. "बाई तासन् तास बसून असते. तिच्यापुढं भिंत?"

मामाने घासाघीस सुरू केली. मंगलोरी कौलं गेली, स्लॅब आला; नाना गप्प. ओटीची रुंदी गेली; तरी गप्प. जांभूळ मात्र त्यांनी हट्टाने वाचवली. खिडकीची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी नकाशा गुंडाळून काखेत मारला. "ती वर गेली तर हे घर माझं नाही." इतका मवाळ माणूस असा बोलल्यावर मामाच वरमला. मामी आतून म्हणाली, "येऊ देत मांजरं."

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणाची पानं मांडली तरी नानांचा पत्ता नव्हता. मी शोधत गेलो तर ते रिकाम्या स्वयंपाकघरात, खिडकीसमोर फरशीवर बसलेले. धोतराला धूळ.

"नाना, पानं वाढलीत."

ते वळले नाहीत. "आमच्या खोलीत चूल कुठे आहे, बघितलंस ना? कोपऱ्यात. नऊ वर्षं माझी बायको भिंतीकडे तोंड करून बसायची रे. धुरात. मी दिवसभर फोर्टात लोकांच्या खिडक्या काढायचो आणि घरी आलो की तिच्या पाठीशी गप्पा मारायचो." मग म्हणाले, "एकदाही तिच्या शेजारी बसून बघितलं नाही, तिला काय दिसतं ते."

नाना विधुर आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. बायकोबद्दल मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

तेवढ्यात मामी शेगडी घेऊन आली. "नाना, सरका जरा. दूध उतू घालवायचंय." ते घाईघाईने बाजूला झाले. मामी बसली, दूध ठेवलं आणि समोर बघू लागली.

"काय दिसतं, वहिनी?" नानांनी विचारलं.

"शेजाऱ्यांची वाळत घातलेली धोतरं दिसतात की!"

"आणि त्याच्यावर?"

मामीने मान थोडी वर केली. "आभाळ."

"बसल्या बसल्या?"

"बसल्या बसल्या," मामी म्हणाली.