अकराव्या पानावरची मांजर

साहेबांनी तो परिच्छेद तिसऱ्यांदा खोडला, तेव्हा मसुदा लिहिणाऱ्या बाईंना रडू यायचंच काय ते बाकी होतं. साऱ्या जगाच्या शाश्वत विकासाचं धोरण या कार्यालयात शिजत होतं आणि त्यात प्राण्यांच्या कल्याणाला चार ओळी मिळाव्यात म्हणून बाई वर्षभर भांडत होत्या.

"अहो बाई, इथं माणसांनाच जागा पुरेना, तुमची जनावरं कुठं बसवू?" साहेब म्हणाले. "छापा, खोक्यात भरा आणि खोकं माझ्या केबिनमध्ये ठेवा. चारला शिष्टमंडळ येतंय."

बाईंनी चाळीस प्रती छापल्या, स्वतःच्या हातांनी खोक्यात भरल्या, खोकं केबिनमध्ये ठेवलं आणि जागेवर येऊन कुडकुडत बसल्या. एसीखालच्या त्या खुर्चीत त्यांचा हिरवा स्वेटर कधी अंगावरून उतरत नसे. आज तो नव्हता.

साडेतीनला शिपाईकाका केबिनमधून धापा टाकत बाहेर आले. "साहेब, घोळ झालाय. धोरणाला पिल्लं झालीत!"

खोक्यात ऑफिसची मांजर ऐसपैस पसरली होती आणि चार पिल्लं तिला लुचत होती. वरच्या प्रतींची पार वाट लागली होती. साहेबांनी आत हात घातला मात्र, मांजरीनं तो कोपरापर्यंत ओरबाडला.

"काका, तुम्ही काढा तिला!"

"छे हो! तुमचा हात बघितल्यावर तर मुळीच नाही."

साहेबांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "आठवडाभर हलवू नका," डॉक्टर म्हणाले.

"अहो, ती जागतिक धोरणावर बसलीय!"

"बसू दे. ऊब मिळालेली दिसते तिला."

तेवढ्यात शिष्टमंडळच दारात उभं राहिलं, तेही वेळेआधी. पांढऱ्या मिशांच्या प्रमुखांनी गुडघ्यांवर बसलेले साहेब पाहिले, ओरबाडलेला हात पाहिला, पिल्लं पाहिली आणि ते विरघळलेच. "वा! म्हणजे तुमच्या धोरणात प्राण्यांचाही विचार आहे तर?"

"म्हणजे काय, आहेच की!" साहेब बोलून गेले.

"कितव्या पानावर?"

साहेबांनी दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या बाईंकडे पाहिलं. सगळा रुबाब कुठल्या कुठे गेला होता.

"अकराव्या," बाई म्हणाल्या. "आणते हं प्रती."

दोन मिनिटांत बाईंच्या कपाटातून आणखी चाळीस प्रती आल्या. प्रमुख अकराव्या पानावरचा तो तीनदा खोडलेला परिच्छेद मोठ्यानं वाचू लागले. साहेब मात्र खोक्यात निरखून बघत होते. पिल्लांच्या खालून हिरवी लोकर डोकावत होती.

"बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "थंडी वाजत असेल ना?"

"आता नाही वाजत, साहेब."