नवसाच्या कोंबड्याची साक्ष

साखरशेतच्या ढवळूला रविवारी प्रार्थनासभेत साक्ष द्यायची होती, आणि अडचण अशी की त्याच्या पदरी एकही धड पाप नव्हतं. पाळक नीलेशभाऊंनी रीत समजावून दिली होती: आधी जुनं पापी जीवन सांगायचं, मग प्रभू कसा भेटला ते, मग आता काय बदललं ते. दोन वर्षांपूर्वी बायको चैती तापानं फणफणली, ढवळूनं उशाशी बसून प्रार्थना केली, ती उठली आणि दोघं विश्वासात आले. एवढं त्याला सांगता येत होतं. पण पहिल्या भागात काय सांगणार, कपाळ? बिचाऱ्यानं कधी ताडीसुद्धा चाखली नव्हती.

त्याच्या आधी जामसरचा एकजण उठला. वीस वर्षांची दारू, दोन मारामाऱ्या आणि विकून खाल्लेला बैल. बाया डोळे पुसायला लागल्या. मग ढवळू उभा राहिला. आठवडाभर डोक्यात घोळत होतं तेच बाहेर पडलं.

"मी... पुंजाचा नवसाचा कोंबडा चोरला. खाल्ला."

"हालेलुया," कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. फक्त पुंजाची बायको नवशी हात बांधून बसली होती. ती गुडघेदुखीसाठी प्रार्थनेला यायची. त्याच गुडघ्यासाठी तिनं पाड्यावरच्या देवाला कोंबडाही कबूल केला होता; दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं. वर्षभर पोसलेला तो लाल कोंबडा मागच्या आठवड्यात नाहीसा झाला, आणि तेव्हापासून पुंजा सगळ्या पाड्याला शिव्या घालत फिरत होता. पुंजाच्या कमरेला कायम कोयता असतो.

नवशी दुखरा गुडघा विसरून पहिल्या जीपनं घरी गेली.

"एकल्यानं खाल्लास?" चैतीनं वाटेतच विचारलं.

"अगं, मी नाय खाल्ला."

"मंग सगळ्यांसमोर खोटं बोललास?"

ढवळू पुढं चालू लागला.

"निदान रस्सा तरी आणायचास," चैती म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

ढवळूची झोप उडाली. खरं सांगावं तर पाडा म्हणणार, यांच्या सगळ्याच साक्षी खोट्या, चैतीच्या तापाचीसुद्धा. न सांगावं तर कोयता.

कोयता दुसऱ्याच दिवशी आला. पुंजा ओटीवर बसला, कोयता काढून शेजारी ठेवला.

"खरंच तू खाल्लास?"

"हां."

"तूच?"

"मीच."

पुंजानं तिसऱ्यांदा तेच विचारलं, मग तो तांब्याभर पाणी प्यायला आणि निघून गेला. शिवी नाही की गुद्दा नाही. मारलं असतं तर परवडलं असतं, असं ढवळूला झालं. शेतावर जाताना तो दहा पावलांवर मागं वळून बघायला लागला.

त्यातच पाड्यावरचे आणखी चौघे येऊन गेले. कुणाची तलंग कोंबडी, कुणाची पिल्लं. कोल्ह्यानं, मुंगसानं आणि पाहुण्यांनी नेलेलं सगळं ढवळूच्या माथी बसलं. नवशीनं तर थेट पाळकांना गाठलं.

"भाऊ, तुमच्या पुस्तकात चोरीला काय लिवलंय?"

नीलेशभाऊ सरळ माणूस. "जक्कय म्हणून एकजण होता. त्यानं लुबाडलेलं चौपट परत केलं."

"चार कोंबडे," नवशी म्हणाली. "पुस्तक चांगलं हाय."

पुढच्या रविवारी ढवळू टोपलीत चार कोंबडे घेऊन सभेला गेला. दोन घरचे, दोन मेहुण्याच्या हातापाया पडून आणलेले. मागच्या रांगेत पुंजा बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा. कोयत्यासकट. तरी ढवळू उठला.

"मागल्या खेपेला मी खोटं बोललो. कोंबडा मी नाय घेतला. माझ्यापाशी मोठं पाप नव्हतं, म्हणून दुसऱ्याचं सांगितलं. माझी बायको तापातून उठली, तेवढंच खरं हाय."

या वेळी टाळी पडली नाही. टोपलीतला एक कोंबडा तेवढा आरवला, आणि शिष्यानं प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा आरवलेला कोंबडा आठवून बायबल वाचलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मागं पुंजा उभा राहिला. ढवळूनं डोळे मिटून घेतले.

"मना ठाव हाय," पुंजा म्हणाला. "कोंबडा मीच खाल्ला. दाभोशाला, नदीवर, दोस्तांसंगं. आन् चोरीची बोंब मारली. मंग हा माणूस उठून म्हणतो, मी खाल्ला. कोयता काढून ठेवला, तीनदा इचारलं, तरी मीच म्हणतो. माझं पाप ह्यानं आपल्या डोक्यावर का घेतलं, मना कळंना. आठ दिस झोप नाय. लय भ्या वाटलं."

नीलेशभाऊ मटकन खाली बसले. सहा वर्षं ते हीच, दुसऱ्याचं पाप स्वतःवर घेणाऱ्या प्रभूची गोष्ट परोपरीनं समजावत होते, आणि मागच्या रांगेत कुणी कधी एवढं हललं नव्हतं.

बायांच्या बाजूला नवशी उठली. गुडघ्याला हातसुद्धा न लावता उठली.

"भाऊ," ती शांतपणे म्हणाली, "ते चौपट म्हणाला होतात ना?"

कुणीतरी ढवळूचा दंड धरला. पुंजाच पुढं येऊन उभा होता.

"ढवळू, सभा सुटल्यावर माझ्यासंगं घरी चल. एकल्यानं जाया भ्या वाटतं." मग त्यानं कमरेचा कोयता सोडून ढवळूच्या हातात दिला. "आन् हा चार दिस तुझ्यापाशी राहू दे. आमच्या घरात नको."