व्याह्यांच्या रजईत चंगगुकजांग

गेल्या वर्षी माझं कोलेस्टेरॉल इतकं वर गेलं की मीरानने (माझी बायको; घरातलं सरकार) बजावून सांगितलं, "बोराचे बाबा, यंदाही रिपोर्ट असाच आला, तर भाजलेलं डुकराचं मटण आणि सोजू दारूचा पेला कायमचा बंद!"

ऑफिसची तपासणी महिन्याभरावर आली होती. तेवढ्यात टीव्हीवर एक बाई छातीठोकपणे सांगू लागल्या, घरी आंबवलेलं सोयाबीन, म्हणजे चंगगुकजांग, खा, रक्त धुऊन निघतं! मी सोफ्यावरून उडालोच. सुटलो! मीरान हिवाळ्यासाठी किमचीचं लोणचं घालायला तीन दिवस माहेरी गेली होती. आणि सोयाबीन आंबायलाही बरोबर तीनच दिवस लागतात. हा योग नाही तर काय?

सोयाबीन मऊ शिजवलं, टोपलीत पेंढ्यावर पसरलं, टोपली घराच्या खालून तापवलेल्या जमिनीवर ठेवली. आई करायची तसं वर जाड पांघरूण हवं होतं. कपाटात एक कोरी करकरीत, झगझगीत रेशमी रजई सापडली. (ती कुणाची, हे विचारण्याची अक्कल त्या दिवशी रजेवर होती.)

दुसऱ्या दिवशी छतातला स्पीकर बोलू लागला. "सोसायटी ऑफिसकडून विनंती. आठव्या मजल्यावर कुणी चंगगुकजांग आंबवत असेल, तर त्यांनी कृपया माणुसकी दाखवावी."

लिफ्टमध्ये शेजारच्या नोबाईंनी विचारलं, "तुमच्याकडेही येतो का हो वास?"

"येतो म्हणजे? जीव नकोसा झालाय! काय एकेक लोक असतात!" मी म्हणालो. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. जेवढा वास जबर, तेवढा गुण जास्त!

तिसऱ्या दिवशी मीरान दारातच नाक धरून ओरडली, "अगं बाई! काय मेलंय घरात?"

"मेलं नाही, चांगलं जिवंत आहे! बघ, कशी तार सुटलीय!" मी ऐटीत रजई उचलली. तार सोयाबीनला सुटली होती, तशीच रजईलाही सुटली होती.

मीरानने रजई माझ्या हातातून ओढून घेतली. "अहो, ही आपल्या बोराच्या सासू-सासऱ्यांना तिच्या लग्नात द्यायची रजई!"

"धुऊन टाकू की."

"रेशीम धुता? आणि व्याह्यांना काय सांगू? पांघरून झोपा, रक्त शुद्ध होईल?"

नवी रजई आली. शिक्षाही आली. "हौसेनं केलंय ना? आता तुम्हीच संपवा!" तीन आठवडे दोन्ही वेळा माझ्यापुढे तेच, नुसत्या भातासोबत. मीही निमूट गिळलं. शेवटी मटण वाचणार होतं ना!

रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल धाडकन खाली! दवाखान्यात मीरानसमोर मी नाचायचाच बाकी होतो. "बघितलंस? चंगगुकजांगची कमाल! आज रात्री मटण!"

मीरानने डॉक्टरांना सगळी हकिगत सांगितली, तसे ते चष्मा पुसत म्हणाले, "सोयाबीनचं मला नक्की सांगता येणार नाही. पण तीन आठवडे मटण आणि सोजू बंद होतं, ते तुम्हाला फारच मानवलंय."

मीरानने पर्समधून पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. "डॉक्टर, एवढं जरा शिक्का मारून लिहून द्याल का?"