विटेपासून विटेपर्यंत

"मिस्त्री, मापात चूक शक्यच नाही. टेप मी स्वतः लावलीय," बाबा म्हणाले.

पण नव्या फ्लॅटमध्ये नवाकोरा पलंग थोरलीच्या खोलीत तिरका अडकून पडला होता. सरळ व्हायला दोन इंच कमी पडत होते.

"कधी लावलीत टेप?" सुताराने विचारलं.

"भिंती उभ्या राहिल्या तेव्हाच. विटेपासून विटेपर्यंत."

"अहो, त्यावर गिलावा चढतो ना! इकडून एक इंच, तिकडून एक इंच."

बाबांचा चेहरा पडला. दोन वर्षं दर रविवारी साइटवर टेप घेऊन फिरणारा हा माणूस! कार्पेट एरिया म्हणजे निव्वळ आपलं, बिल्टअप म्हणजे भिंतींसकट, आणि सुपर बिल्टअप म्हणजे जिन्यात उगाच उभं राहायचा हक्कसुद्धा, असं आल्यागेल्याला शिकवायचे. गिलावा तेवढा राहून गेला.

थोरलीला कार्पेटशी घेणं नव्हतं, बिल्टअपशी देणं नव्हतं. तिला हवं होतं एक दार. जुन्या घरात पंधरा वर्षं ती हॉलमध्ये झोपत आली होती; येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याच उशीवर बसून चहा प्यायचा.

मोठी माणसं सुतकी तोंडं करून बाहेर गेली, तसं तिने दार लावलं. बघते तर काय, बंद दारापाशी चौकटीच्या खाचेत नेमके दोन इंच मोकळे! तिने पाठ लावून पलंग रेटला. खट्! पलंग सरळ. आणि दार कायमचं बंद.

"कडी काढ गं!" आई ओरडली.

"कडी काढलीय. पलंग निघत नाहीये!"

बाहेरून तिघांनी धक्के दिले. पलंग आणखीच घट्ट बसला.

"बिजागऱ्या आतून आहेत," सुतार म्हणाला आणि त्याने दाराखालून स्क्रूड्रायव्हर सरकवला. "तूच खोल आता, बाई."

ज्या दारासाठी पंधरा वर्षं काढली, ते थोरलीने स्वतःच्या हातांनी, एकेक स्क्रू काढून उतरवलं. शेवटचा स्क्रू निघाला आणि दार पलंगावर आडवं झालं, अगदी दमूनभागून आल्यासारखं.

"दोन्ही नाही राहायचं," सुताराने निकाल दिला. "पलंग की दार?"

बाबा टेपकडे बघत होते.

"दार," थोरली म्हणाली.

पलंग हॉलमध्ये गेला आणि तिथे ऐसपैस मावला. सुताराने दार पुन्हा चौकटीत बसवलं. थोरली फरशीवर गादी टाकून, कडी लावून पडली. दहा मिनिटं झाली तरी कुणी फिरकलं नाही. तिला करमेना.

तेवढ्यात टकटक झाली. बाबा आयुष्यात पहिल्यांदा दार वाजवत होते.

"काय काम आहे?" तिने होईल तेवढ्या रुबाबात विचारलं.

"काही नाही गं. माप घ्यायचंय. गिलाव्यासकट."